रिपोर्टातलं दुसरं नाव

लेखरामभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका कुत्र्याच्या कानात औषध घालत होते. फोन त्यांच्या मुलीचा, ज्योतीचा होता. "म्याडम, बाबा गेले. सकाळी बांधीवर गेले होते धान पाहाले, तिथंच शेताच्या धुऱ्यावर बसले अना..." मी "बरं" म्हणाले. एवढंच. मग कुत्र्याच्या दुसऱ्या कानात औषध घातलं, चिठ्ठी लिहिली आणि पाच दिवसांनी दाखवायला या म्हणून सांगितलं. त्या मालकाला काही कळलंही नसेल. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मला रडू आलेलं नाही. येईल येईल म्हणून वाट पाहिली, आता तीही सोडली आहे.

मी गोंदियाला आले नव्याण्णव साली, नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून. माहेर सांगलीकडचं, हाती जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी आणि अनुभव सगळा म्हशींचा. तेव्हा स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग असायची, आणि लग्नसराईत नवरदेवाच्या घोड्या बालाघाटपर्यंत जायच्या. या घोड्यांसाठी एका ट्रस्टने बंद पडलेल्या भातगिरणीच्या गोदामात दवाखाना काढला होता. आठ घोडे बांधता येतील एवढी जागा, एक नळ, एक टेबल. डॉक्टर मी एकटी, आणि जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे ड्रेसर म्हणजे लेखराम कटरे. आमगावजवळच्या खेड्यातले, पवार समाजातले, घरी थोडी धानाची शेती. रोज सकाळच्या पॅसेंजरने यायचे.

पहिल्याच दिवशी एका टांग्याच्या घोड्याने लाथ झाडून माझ्या हातातलं औषधाचं भांडं उडवलं. मी भिंतीला टेकले. लेखरामभाऊ शांतपणे म्हणाले, "म्याडम, तुमी घोड्याले भिऊन राहिल्या, अना घोडा तुमाले भिऊन राहिला. दोघांतून एकानं तं थांबावं." मग ते स्वतः पुढे झाले, घोड्याच्या नाकपुडीजवळ आपलं नाक नेलं आणि हळूच फुंकर घातली. घोड्यानेही श्वास सोडला. असे दोघे उभे राहिले, एकमेकांचा श्वास घेत. घोड्याने मान खाली घातली, आणि मी जखम धुतली. पुढे प्रत्येक नव्या घोड्याशी त्यांची ओळख अशीच व्हायची. मी पुस्तकात वाचलेलं काही नव्हतं ते. कुणाकडून शिकलात म्हणून विचारलं तर म्हणाले, "घोड्याकडूनच, अजून कोनाकडून?"

ते स्वच्छतेचे पक्के होते. कात्र्या, सुया उकळल्याशिवाय टेबलावर यायच्या नाहीत. चूक झाली ती माझ्या बाजूने. घोडा चार दिवस उभा राहिला की मालकाचा धंदा बसतो, म्हणून साध्या खरचटण्यालाही मी जोरदार अँटिबायोटिक द्यायची. मालक दोन दिवसांत बरं वाटलं की इंजेक्शनं थांबवायचे, उरलेलं औषध दुसऱ्या घोड्याला टोचायचे. मला ठाऊक होतं. मी रागवायची, आणि पुन्हा तेच लिहून द्यायची.

सहासात वर्षं अशी गेली. मग एका लग्नसराईत हमीदभाईंची बिजली आली. पांढरी घोडी, वरातीत फटाक्याला बुजून तारेच्या कुंपणात शिरली होती, छाती फाटलेली. मी टाके घातले. आठवड्याने टाक्यांतून पू आला. मी औषध बदललं. पुन्हा बदललं. हमीदभाई रोज येऊन घोडीच्या पायाशी बसायचे. "डॉक्टरनी बाई, कोई और दवा होगी ना?" मी हो म्हणायची. मग शेजारच्या ठाणावरच्या घोड्याची बरी होत आलेली जखम चिघळली. नंतर तिसऱ्याची, त्याला तर आम्ही नुसती सलाइनची सुई लावली होती. एक दिवस पट्टी सोडता सोडता लेखरामभाऊ थांबले. म्हणाले, "म्याडम, हा रोग घोड्याले नाही होऊन राहिला. आपल्या दवाखान्याले होऊन राहिला."

ते बोलले तेव्हा मला आधी रागच आला. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही घोड्यांचा पू कापसाच्या काडीवर घेऊन नागपूरला तपासायला पाठवला. रिपोर्ट आला. एका रांगेत औषधांची नावं, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे 'आर'. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला न जुमानणारा जंतू. तिन्ही घोड्यांत तोच. सोबत चिठ्ठी होती, की हा जंतू माणसाच्या नाकातही मुक्काम करतो, माणसाला काही होत नाही, पण त्याच्याकडून जनावरांत जातो. तेव्हा कर्मचाऱ्यांच्या नाकाचेही नमुने पाठवा. मी, लेखरामभाऊ आणि झाडलोट करणारे दोघे, अशा चौघांचे पाठवले.

नवे घोडे घेणं बंद केलं. ट्रस्टचे विश्वस्त चिडले, लग्नसराईत दवाखाना बंद ठेवता म्हणजे काय! लेखरामभाऊंनी त्यांच्यादेखत फाटकाला कडी घातली आणि म्हणाले, "साहेब, आत आला तं बरा होऊन जाईल याची ग्यारंटी नाही. तं मंग घ्याचा कायले?"

नाकांचा रिपोर्ट मी विश्वस्तांच्याच घरी उघडला. दोन नावं होती. लेखराम कटरे... आणि माझं.

विश्वस्तांनी कागद पाहिला, घडी घातली. "डॉक्टर एकच आहे. तुमचं नाव बाहेर गेलं तर लोक घोडा आणणार नाहीत, दवाखाना कायमचा बंद. ड्रेसर महिनाभर घरी बसला तर चालेल. तुम्ही मास्क लावा, औषध घ्या." मी त्यावर काय म्हणाले ते मला स्पष्ट आठवतं, कारण मी काहीच म्हणाले नाही. मान हलवली.

लेखरामभाऊंना मी सांगितलं ते दुपारी, नळाजवळ. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. मग म्हणाले, "म्हंजे ते फुंकर घालनं..." मी घाईने सांगितलं, तुम्हीच आणला असं नाही, आधी एखाद्या घोड्याकडून तुमच्यात आला असेल. ते म्हणाले, "आला कुठूनबी असन. गेला तं माझ्याकडून." तेव्हा मी सांगू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. ते गमछ्याने हात पुसत होते, पुसून झालेले हात पुन्हा पुसत होते, आणि मी त्यांच्या हातांकडे बघत उभी राहिले.

नाकात लावायचं मलम आणि अंगाला लावायचा औषधी साबण मी त्यांना दिला. तेच मलम मीही लावत होते. महिनाभर घरी बसा म्हटलं तर ते बसले नाहीत. रोज पॅसेंजरने यायचे आणि फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उकिडवे बसायचे. तिथूनच सांगायचे, कोणत्या घोड्याची बादली वेगळी ठेवा, कोणता आधी धुवा, कोणता सगळ्यांत शेवटी. आत मी, मास्क लावून, हातमोजे घालून. घोडे त्यांचा आवाज ऐकून कान टवकारायचे. टांगेवाले जाता-येता विचारायचे, "क्या लेखराम, अंदर क्यों नहीं?" ते सांगून टाकायचे, "मले लागन झाली हाय, घोडा दूर ठेव."

ते बाहेर बसायला लागल्याच्या तेराव्या दिवशी बिजली गेली. हमीदभाई आत तिच्याजवळ होते, आणि लेखरामभाऊ फाटकाच्या गजांना धरून बाहेर उभे. ते आत आले नाहीत. बाकीचे दोन्ही घोडे वाचले. पण आमचं सगळं ठीक झालं असं वाटत असताना आधीपासूनच आत असलेल्या चौथ्या एका घोडीच्या जखमेत तोच जंतू निघाला. तीही वाचली, फार हाल होऊन. तेव्हा लेखरामभाऊ तीन आठवडे बाहेर होते. रिपोर्टातल्या दोघांपैकी आत फक्त मी होते. यापलीकडे मला काही सिद्ध करता येत नाही.

पुढचे रिपोर्ट दोघांचेही स्वच्छ आले. ते परत आत आले, काम पूर्वीसारखंच करू लागले. फक्त घोड्याच्या नाकाजवळ नाक त्यांनी पुन्हा कधी नेलं नाही. नवा घोडा बिथरला तर हात लांब करून मानेवर थोपटायचे, तोंड बाजूला वळवून.

मग ऑटो वाढले, टांगे कमी होत गेले, आणि ट्रस्टने दवाखाना बंद केला. शेवटच्या दिवशी सामान बांधताना मी त्यांना सांगितलं. रिपोर्टात माझंही नाव होतं, म्हटलं. त्यांनी दोरीची गाठ मारली, ओढून पाहिली. "मले मालूम होतं."

"कसं?"

"तुमच्या पर्समधी तेच मलम पायलो होतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"दोघंबी बाहेर बसलो असतो तं घोड्याइले कोन पायलं असतं?" एवढं बोलून ते दुसरी पेटी बांधायला गेले. त्यांनी मला माफ केलं की नुसता हिशोबी विचार केला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. नंतर विचारेन म्हटलं. सहा वर्षं होती हातात. सणावाराला फोन व्हायचा, धान कसं आहे, नातू कसा आहे...

तेरवीनंतर मी त्यांच्या घरी गेले. पहिल्यांदाच गेले, हेही लिहायला हवं. वहिनींनी मागच्या अंगणात नेलं. तिथे विहिरीजवळ बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा होता, आत एक सपाट दगड, खुंटीवर एक धुतलेला लेंगा. "दवाखान्यातून आले का पयले हितं," वहिनी म्हणाल्या. "आंघोळ केल्याबिगर घरात पाय नाही. पोरगी लहान होती तं पयत जाये त्याइच्याकडं, तं हे दुरूनच वरडत. दवाखाना बंद झाला, तरी वावरातून आले का तसंच."

आम्ही ओसरीवर बसलो. चहा झाला. ऊन कलायला लागलं तशा वहिनी उठल्या, विहिरीचं पाणी शेंदलं, आडोशात दगडाजवळ बादली भरून ठेवली आणि परत येऊन माझ्याशेजारी बसल्या. माझी नजर बादलीकडे गेली तशी म्हणाल्या, "हात आपोआप जाते."

माझी गाडी सुटायला अजून तासभर होता. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आडोशाकडे तोंड करून.