अक्काचा दम

अक्का माझ्याहून बरीच मोठी. तिसगावला शेतावरच्या विहिरीतून पाणी आणताना ती मध्येच बांधावर टेकायची. "अंगात रक्त न्हाई हिच्या," असं म्हणून आई तिच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. पुढे पुढे तिचे ओठही जांभळट दिसायला लागले. तशीच ती संगमनेरला नांदायला गेली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. जिना चढताना चक्कर येऊन ती पडली. दूध संघात कामाला असलेले दाजी रजा टाकून तिला नगरला घेऊन आले. मी तेव्हा तिथंच शिकत होतो, म्हणून बरोबर गेलो.

तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "यांच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. त्यातून जास्तीचं रक्त इतकी वर्षं जोरानं फुप्फुसात जात राहिलं. तो मारा सोसून तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झाल्यात, आतली वाट अरुंद झालीय. तिथून रक्त ढकलताना हृदय दमतं."

"मग ऑपरेशन करा," दाजी म्हणाले.

"आता त्या छिद्रातूनच हृदयावरचा दाब थोडा हलका होतोय; ते बुजवलं तर तेवढीही मोकळीक राहणार नाही. आणि त्या वाहिन्या काही पूर्वीसारख्या होत नाहीत."

अक्कानं विचारलं, "लहानपनी कळलं असतं तर?"

डॉक्टर म्हणाले, "तेव्हा बुजवता आलं असतं, ताई."

एसटी स्टँडवर अक्का आम्हा दोघांना म्हणाली, "आईला यातलं काय सांगू नका. आपलंच चुकलं म्हनून जन्मभर रडत बसंल ती."

त्यानंतर दाजी घरचं पाणी भरायचे, कपडेही धुवायचे. गल्लीतले लोक हसायचे. अक्का आणखी काही वर्षं जगली आणि एका हिवाळ्यात गेली.

अंगणात सगळ्यांदेखत आईनं दाजींचा सदरा धरला. "राबवून मारलं माझ्या लेकीला!" मी तोंड उघडणार, तोच दाजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. ते तसेच उभे राहिले. वर्षश्राद्धाला आले, तेव्हा आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

आई गेल्यावर मी दाजींना म्हणालो, "एकदा तरी सांगू द्यायचं होतं मला."

"सांगून काय झालं असतं?" ते म्हणाले. "मला शिव्या देऊन त्यांना मोकळं रडता तरी येत हुतं."