हाव, मॅडम

मी नांदेडहून रोज लोह्याकडच्या एका खेड्यात चौथीला शिकवायला जाते. फळ्यावरचं गणित सोडवून झालं की वळून विचारायचे, "समजलं का?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा, "हाव, मॅडम!" सुरुवातीला मी या होकारावर भलतीच खूश असायचे. मग वह्या तपासायला घ्यायचे, तर सहाशे अठराला सहाने भागून निम्म्या वर्गाचं उत्तर एकशे तीनऐवजी तेरा. परत शिकवायचं, परत हाव, परत तेरा.

स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. मी मूळची लातूरची. आमच्या गल्लीत निकाल लागला की शेजारणी पेढ्यांआधी टक्के विचारायच्या आणि क्लासमध्ये शंका विचारणारा म्हणजे सगळ्यांचा वेळ खाणारा. मीही तिथे मान डोलवायलाच शिकले. म्हणून त्या "हाव"चा मला राग यायचा, मुलांचा कमी आणि स्वतःचा जास्त. दरवर्षी काहीतरी बदलून बघायचे. बाकं गोल मांडली, गट पाडले, भिंतीवर तक्ते लावले. झोपताना सुद्धा डोक्यात तेरा.

हेडमास्तर म्हणायचे, "मॅडम, बरं चाललंय की. कशाला उगंच जिवाला तरास करून घेऊन राहिल्या?"

त्यांचं खरं होतं, पण बरं चाललंय या शब्दांनीच माझं डोकं फिरायचं.

यंदा मी "हाव" बंद केलं. सांगून टाकलं, समजलं नसेल तर सरळ नाही म्हणा, मी रागावणार नाही, उलट शाबासकी देईन. एकाने तरी मला खरं सांगावं, एवढंच मला हवं होतं. बरेच दिवस वर्ग गप्प. मग एकदा मागच्या बाकावरून बारीकसं "न्हाई" आलं आणि मला इतका आनंद झाला की सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तिथेच माती खाल्ली.

पुढे तालुक्याहून साहेब तपासणीला आले. गुणवत्तेसाठी एका शाळेची निवड व्हायची होती आणि ती आमचीच व्हावी म्हणून हेडमास्तरांनी व्हरांडा स्वतः उभं राहून रंगवून घेतला होता. साहेब वर्गात मागे खुर्चीवर बसले. मी मुद्दाम तोच भागाकार घेतला, शेवटपर्यंत नेला आणि वळले.

"समजलं का?"

"न्हाई, मॅडम!"

अख्खा वर्ग, एका सुरात. आणि सगळे चेहरे टाळ्यांची वाट बघणारे. दारात उभ्या हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब गालातल्या गालात हसले. मला रडूच यायला लागलं. पोरांनी हाव सोडून न्हाई धरलं होतं, आणि तेही मला बरं वाटावं म्हणूनच.

तेवढ्यात गावातल्या टेलरची मुलगी उभी राहिली. एरवी ती फारसं बोलत नाही.

"मॅडम, मला समजलंय. पण समदं न्हाई."

वर्ग तिच्याकडे रागानं बघायला लागला. मी तिच्या हातात खडू दिला. तिनं फळ्यावर सहा एके सहा केलं, पुढचा एक खाली घेतला आणि थांबली.

"इथपर्यंत समजलं. एकात सहा जात न्हाईत, हेबी समजलं. मग तुम्ही वर शून्य देता अन् पुढं पळता. ते शून्य कशाला देता, ते न्हाई समजलं."

मी खरंच पळायचे तिथून. भाग जात नसेल तर शून्य द्यायचं आणि पुढचा अंक खाली घ्यायचा, असं मला लातूरला शिकवलं होतं. मी कधी का म्हणून विचारलं नाही. बाकं बदलली, गट बदलले, तक्ते बदलले, ते शून्य मात्र जसंच्या तसं राहिलं.

घंटा झाली. साहेब घड्याळ बघत उठले. हेडमास्तर दारातून आवरतं घ्या, आवरतं घ्या म्हणून खुणा करत होते. पोरगी खडू धरून तशीच उभी होती.

"साहेब, बसा जरा," मी म्हणाले. "हे मला तरी समजलंय का, ते बघते."