सासूबाईंच्या नावावर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. माझ्या मैत्रिणीला, प्राजक्ताला, मी सकाळी काय खाल्लं इथपासून पायाचं कोणतं नख काळं पडलं इथपर्यंत सगळं सांगते, पण हे तिलाही नाही. मग तुम्हालाच का? — माहीत नाही. तुम्ही मध्ये बोलणार नाही म्हणून असेल. आमच्या इंदूरमध्ये मध्ये न बोलता ऐकणारं माणूस सापडणं फार मुश्किल.

आधी चांगलं ते सांगते. मी पुन्हा पळायला लागले आहे! आणि नुसती पळत नाही, ट्रायथलॉन करते. पंचेचाळिशी उलटल्यावर. म्हणजे आधी पोहायचं, अंग निथळत असताना सायकलवर बसायचं, आणि सायकलवरून उतरलं की पाय आपले आहेत की शेजारणीचे हे कळायच्या आत पळायला लागायचं. असला उद्योग आपण होऊन करायचा आणि वर त्याला मजा म्हणायचं. पण सच्ची सांगते, मजा येते.

यात मला ओढलं प्राजक्ताने. ती पुण्याहून इथल्या एका कंपनीत आली, आमच्या वरच्या मजल्यावर राहते, आणि तिला रविवारी झोपलेला माणूस बघवत नाही. तिच्यामुळे मी दुसरी-तिसरीतल्या पोरांबरोबर पोहायला शिकले. ती पोरं माशासारखी सुळकन जायची आणि मी कडेचा दांडा धरून त्यांना शाबासकी द्यायची. मास्तर रोज म्हणायचे, आंटीजी, पानी से दोस्ती करो. अरे, पण त्याला करायची आहे का माझ्याशी, ते विचारा ना!

सायकलचं तर विचारूच नका. ते बूट पेडलमध्ये अडकवायचे असतात — चालवताना छान, थांबताना पंचाईत. सांवेर रोडला निघाले होते, सियागंजच्या घाऊक बाजारात पहाटेचा माल उतरत होता, समोर एकदम हातगाडी आली. मी थांबले, बूट सुटला नाही, आणि सायकलसकट आडवी झाले ती थेट शेंगदाण्याच्या पोत्यांवर. तिथल्या हम्मालांनी मला उचलून परत उभी केली, एखादं पोतं उचलावं तशी, आणि ढकलून दिलं — चलो दीदी, कुछ नहीं हुआ. पुढे सांवेर रोडवर सोयाबीनच्या ट्रॉल्या, आणि एक दूधवाला कितीतरी वेळ शेजारून मोटारसायकल चालवत विचारत होता की जायचंय कुठे. कुठेच नाही, परत यायचंय, म्हटल्यावर बिचारा गप्प झाला.

तर असं सगळं छान चाललं होतं. पण आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये नवं कोणी आलं की एक प्रश्न ठरलेला. दीदी, तुम्ही एवढं चांगलं पळायचात म्हणे, मग मधली इतकी वर्षं का सोडलं? आणि माझं उत्तरही ठरलेलं. मान जरा खाली घालायची, जरासं हसायचं, आणि म्हणायचं — सासरी चालत नव्हतं.

बस. पुढे कोणी काही विचारत नाही. गुडघा दुखतो म्हटलं तर दहा जण दहा डॉक्टर सुचवतात. वेळ नाही म्हटलं तर वेळ कसा काढायचा यावर भाषण. पण सासूचं नाव घेतलं की सगळे आपोआप गप्प. बायका तर हातच हातात घेतात. सासूबद्दलचं खोटं कोणी तपासून बघत नाही हो! ते आधीच सगळ्यांना पटलेलं असतं.

मी त्यांना आई म्हणते. त्या कशा आहेत, हे सांगायला हवं.

आमचं सासर म्हणजे इथल्या जुन्या संस्थानच्या फौजेत असलेल्या लोकांचं घराणं. सासरे होते तोवर म्हणायचे, आपले पूर्वज लढाईत फार जोरात पळायचे — पुढे की मागे, ते मात्र सांगत नसत. आई या सगळ्यावर तोंडाला पदर लावून हसायच्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी भीत भीत सांगितलं की मी पहाटे पळायला जाते. त्यांनी विचारलं, चहा पिऊन जातेस की येऊन पितेस? एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याआधी उठल्या होत्या.

मृण्मयी झाली, वर्षाची झाली, आणि मी परत पहिल्यांदा शर्यतीला उतरले, त्या सकाळचं सांगते. पोरगी रडत होती. मी दारात घुटमळत होते. आईंनी तिला खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या हाताने मला अक्षरशः बाहेर ढकललं. जा गं, ही रडेल आणि गप्प बसेल, तुझी शर्यत थांबणार नाही.

आता ऐका.

शर्यत चांगली सुरू झाली. निदान मला तसं वाटत होतं. आणि मग मागून पावलं ऐकू आली. हलकी, एका तालात. मी न बघता ओळखली. रुही. आमच्याच कॉलनीतली पोरगी, तिला हात कसे हलवायचे, श्वास कुठे घ्यायचा, सगळं मी शिकवलेलं. ती जवळ आली आणि अगदी अदबीने म्हणाली, दीदी, बाजू से निकल रही हूँ. काय चुकलं तिचं? काहीच नाही. असंच सांगून पुढे जायचं, हेही मीच शिकवलेलं.

मी बाजूला झाले. आणि होतच गेले — रस्त्याच्या कडेला, मग फुटपाथवर, मग एका ऑटोत. छातीवर नंबर तसाच. ऑटोवाल्याने विचारलं, दीदी, दौड़ खतम हो गई? मी म्हटलं, हो. त्याला थांबवून मी एका दुकानात उभ्या उभ्या कचोरी खाल्ली. चांगली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते तिखटाने नव्हतं. मला हरायचं नव्हतं. साधी गोष्ट आहे. आता मी पहिली येणार नाही, आणि ज्या ग्रुपने मला पहिली येताना बघितलंय त्यांच्यासमोर सातवी-आठवी येत बसणं मला जमणार नव्हतं. इतकी मी भित्री. आणि इतकी माजोरडी.

घरी सांगितलं, गुडघा गेला. ग्रुपचे म्होरके चौहान सर, त्यांचा फोन आला — बेटा, बीच में से कहाँ गायब हो गई? त्यांना गुडघा सांगता येईना. ते उद्याच डॉक्टर घेऊन दारात आले असते. तर माझ्या तोंडून निघालं, सर, घर पे सासू माँ को पसंद नहीं.  सर म्हणाले, समझ गया बेटा. आणि त्यांच्या आवाजात इतकी माया होती — काय सांगू! मला फार बरं वाटलं. हो, बरं वाटलं. तेही कबूल करते.

त्याच वेळी आत स्वयंपाकघरात आई माझ्यासाठी लसणाचं तेल कढवत होत्या.

ते तेल त्यांनी पुढे कितीतरी दिवस लावलं. धडधाकट गुडघ्याला! मी पाय पसरून बसायची आणि त्या खाली चटईवर बसून चोळायच्या. एकदा त्यांनी मान वर करून विचारलं, मागच्या आठवड्यात डावा होता ना गं? मी बघितलं तर मी उजवा पुढे केला होता.  त्यांनी हातावर तेल घेतलं. उजव्याला लावलं. आज हसू येतं मला ते आठवून, आणि लगेच हसल्याची लाज वाटते.

बरं, खोटं तेवढ्यावर ठेवायचं ना? नाही. ग्रुपमधल्या बायका भेटल्या की विचारायच्या, काय म्हणतात सासूबाई? आणि मी आईंच्या तोंडी वाक्यं घालायची. अर्ध्या चड्डीत सून नको म्हणतात. पोर टाकून हिंडायचं नाही म्हणतात. कशी सुचत होती मला ती? ज्या बाईने मला घरातून ढकलून बाहेर काढलं, तिची मी बाहेर नक्कल करून दाखवत होते. आवाजासकट.

आता मुख्य गोष्टीपाशी येते. इतका वेळ इकडेतिकडे फिरले, कारण ही सांगणं जिवावर येतं.

माझे धाकटे दीर, मुकुंदभावजी, त्यांचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी इथलीच, भावजींना मनापासून आवडलेली. आईंनी तर कपाटातली पैठणी काढून उन्हात टाकली होती. आणि मुलीकडच्यांचा नकार आला. कारण विचारलं तर आधी आढेवेढे, मग कोणीतरी सांगून टाकलं — चौकशी केली, सासूबाई फार कडक आहेत असं कळलं, मोठ्या सुनेचं पळणंसुद्धा बंद केलं म्हणे. इंदूरची मराठी मंडळी म्हणजे किती मोठी? इथे बोललेलं तिथे पोचायला कितीसा वेळ लागतो?

आई स्वयंपाकघरात आल्या. मी मटार सोलत होते. त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, माझ्याबद्दल असं कोण म्हणालं असेल गं? मी काय केलं?

त्या माझ्याकडे रागाने बघत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मला, घरातलं माणूस म्हणून. आणि मी म्हटलं — लोकांचं काय आई, काहीही बोलतात. आणि मटार सोलत राहिले.

भावजींचं पुढे लग्न झालं, छान झालं, जाऊबाई माझ्याहून गुणी आहे आणि आईंशी गुलूगुलू बोलते. पण म्हणून ते मटार सोलणं पुसलं जातं का? नाही जात.

आणि आता परवाची गोष्ट. माझी पहिली ट्रायथलॉन झाली. वयोगटात तिसरी आले! माझ्या वयोगटात बायका मोजक्याच होत्या, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच हुरळून जाऊ नका. पाण्यात मला एकीची लाथ बसली, सायकलवर पाठ धरली, आणि पळताना कितीतरी पोरी भर्रकन पुढे गेल्या. प्रत्येक वेळी मी बाजू दिली आणि ओरडले, चल बेटा, शाबास! एवढीशी तर गोष्ट होती. हेच तेव्हा जमलं नव्हतं.

बक्षिसाला आई आल्या होत्या. पुढच्या रांगेत, डोक्यावर मृण्मयीची टोपी, हातात माझा टॉवेल. प्राजक्ताने भाबडेपणाने सूत्रसंचालकाला माझी कहाणी सांगून ठेवलेली. मला काही कल्पना नाही. मी मंचावर चढले आणि तो गरजला, देवियों और सज्जनों, सासू माँ ने कभी इनके पैरों में बेड़ी डाली थी, और आज देखिए, वही सासू माँ सामने बैठी हैं! सगळ्या माना वळल्या.  आणि तो माईक घेऊन खाली उतरला, थेट आईंपाशी. माँजी, आपने रोका था ना?

आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग टोपी सरळ केली आणि त्यांच्या त्या मराठी हिंदीत म्हणाल्या, हाँ भैया, रोका था. तब अक्कल नहीं थी, अब आ गई. लोक खो खो हसले, टाळ्याच टाळ्या. चौहान सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग माईक माझ्या हातात आला.

सगळं मैदान ऐकत होतं. आई ऐकत होत्या. सांगून टाकायला काय लागत होतं? एक वाक्य. मी म्हटलं, थँक्यू आई.

परतताना गाडीत आम्ही दोघीच होतो. आई मजेत होत्या, तिथला पोहा कोरडा होता म्हणाल्या, ती लाल चड्डीवाली फार जोरात पळाली म्हणाल्या. मी म्हटलं, आई, ते मी — त्या म्हणाल्या, मला केव्हाचं माहीत आहे गं. मुकुंदाचं मोडलं त्याच वर्षी इथल्या लालबागच्या मेळ्यात तुमच्या चौहान सरांच्या मिसेस भेटल्या होत्या. मलाच समजवायला लागल्या, सून को दौड़ने दो बहनजी.

मग त्यांनी मांडीवरच्या माझ्या टॉवेलची नीट घडी घातली.

म्हणाल्या, माझं नाव घेतलंस त्याचं काही नाही. एवढंच की मला आधी सांगायचंस. मुकुंद त्या वेळी मला विचारत होता, आई, तू असं काय केलंस? मला उत्तर देता आलं नाही.

मी गाडी चालवत राहिले. 

तर हे असं आहे. मला घरात कोणी कधी अडवलं नाही. मी हरायला घाबरले, पळून गेले, आणि नाव सासूबाईंचं सांगितलं. मुकुंदभावजींना हे अजून माहीत नाही. इतकी वर्षं ते आपल्या आईला दोष देत आले आहेत, आणि तो माझा आहे.