थोरली, धाकटी आणि मेस्त्री

आमच्या गाड्यांना कुणी ‘अँटिक पीस’ म्हटलं, की मेस्त्री हातातला पाना खाली ठेवायचे आणि विचारायचे, “घरी आईला काय म्हणता?”

गाड्या दोन, दोन्ही विलायती, सासऱ्यांनी हौसेनं घेतलेल्या. एक स्वातंत्र्याआधीची, देवळासारखं उंच नाक असलेली. दुसरी सत्तरच्या दशकातली, आत लाकूड आणि कातडं. मेस्त्री त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ते फिटर म्हणून निवृत्त झाले होते. सासरे गेल्यावरही दर मंगळवारी गंगापूर रोडवरच्या आमच्या शेडमध्ये हजर.

दोघींचे पाने वेगळे. दोन्हींवर अर्धा इंच, म्हणजे चार सूत लिहिलेलं. पण थोरलीचं माप बोल्टच्या जाडीवरून, धाकटीचं नटाच्या रुंदीवरून. मी एकदा मदतीला गेले आणि थोरलीचा पाना धाकटीला लावला. तो नुसताच गरगर फिरला.

“चार सूत म्हणजे चार सूतच ना?” मी म्हटलं.

“वहिनी, थोरल्या जावेचा ब्लाउज धाकटीला घालून बघा. दोन्ही ब्लाउजच हाय ना?”

कोणती भारी, असं पाहुणे हमखास विचारत. “धाकटी मागं बसणाऱ्याची, थोरली चालवणाऱ्याची,” मेस्त्री सांगत. “धाकटी रुसली तर पत्ता लागू देत नाय. थोरली भांडून मोकळी होते.”

मला गाड्या उभ्या ठेवणं परवडत नव्हतं. थोरलीला डिझेल इंजिन बसवून ती लग्नांना भाड्यानं द्यायची, असं मी ठरवलं. गॅरेजवाले बघायला आले, तर मेस्त्री बॉनेटसमोर उभे.

“मेस्त्री, भावनेवर शेड चालत नाही,” मी म्हटलं.

“भावना कोणी काढली? दिंडोरीला नेऊन आणतो. वाटेत बंद पडली तर इंजिनाचे बोल्ट मीच खोलून देतो.”

“आजोबा, म्हसरूळच्या पुढं नाही जायची,” गॅरेजवाले हसले.

मी शेजारी बसले. चढावर मागून द्राक्षांचे ट्रॅक्टर हॉर्न मारत होते. मेस्त्रींनी ना वेग वाढवला, ना बाजू दिली. दिंडोरीत इंजिन चालू ठेवूनच चहा घेतला. परत आल्यावर गॅरेजवाल्यांना म्हणाले, “तुमचं डिझेल लय चांगलं हाय. दुसरीकडं लावा.”

पुढच्या मंगळवारी त्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. “मी काय जन्माला पुरणार नाय,” म्हणाले. गिअर खरखरला की ओरडायचे. माझ्यावर इतकं कुणी ओरडलेलं नाही.

गेल्या वर्षी मेस्त्री गेले. महिन्याभरात गॅरेजवाले पुन्हा दारात. “आता बघणारं कुणी नाही, ताई. इंजिन काढून टाकू.”

त्यांची गाडी आमच्या फाटकात आडवी लावलेली होती. मी थोरली सुरू केली.

“आधी ती काढा,” म्हटलं. “मला बाहेर जायचंय.”