शिसवी मेजाचे पाय

मिस्त्रीमामा बायबल वाचताना हसायचे. गालातल्या गालात नव्हे, खो खो. सोन्याच्या वासराची गोष्ट आली की हमखास. मोशे डोंगरावरून उतरतो, तर लोक सोन्याचं वासरू पुजतायत; तो भावाला, अहरोनाला, जाब विचारतो. अहरोन म्हणतो, लोकांनी सोनं दिलं, मी ते विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. "आलं म्हणे! आपोआप!" मामा डोळे पुसत म्हणायचे. "अय्यो, चाळीस वर्षं सुतारकाम केलं, माझ्याकडे एक स्टूलसुद्धा आपोआप आलं नाही."

कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, लष्कर मोहल्ल्यात त्यांचं दुकान होतं. शिसवात पांढऱ्या लाकडाची वेलबुट्टी बसवावी तर त्यांनीच. शेजारच्या मराठा घरांतले देव्हारेही ते मन लावून दुरुस्त करायचे. ख्रिस्ती माणसानं हे करावं का, असं मी एकदा शहाणपणानं विचारलं. त्यांनी रंधा थांबवला नाही. "संदेष्टे मूर्तींवरून ओरडले ते कुणावर? देवाच्या स्वतःच्याच लोकांवर, अल्वा, हो की नाही? शेजाऱ्याचं घर राहू दे. आधी आपलं झाडून घे."

ते झाडायची वेळ माझ्यावर लवकरच आली.

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे दहा-बारा घरं. दर रविवारी पाळीपाळीनं एकेकाकडे प्रार्थना व्हायची. पुढे एक खोली भाड्यानं मिळाली आणि मामांनी तिच्यासाठी बायबल ठेवायचं उंच शिसवी मेज करून दिलं. द्राक्षवेलीची नक्षी अशी, की बघतच राहावं. मी मंडळीचा चिटणीस. मेजाला मखमली कापड मीच आणलं, त्यावर प्लास्टिकही मीच घातलं. मुलांनी हात लावायचा नाही, हा नियमही माझाच. प्रार्थनेत डोळे मिटायचे, तर मी मेजावरची धूळ बघत असे.

त्याच सुमारास हेब्बाळला राहणाऱ्या सुशीलाआजींचं मांडीचं हाड मोडलं. त्यांचा फोन आला, "एक रविवार माझ्याकडे या रे सगळे. गाणी ऐकल्याशिवाय मला करमत नाही." मी म्हणालो, "आजी, मेज हलवता येत नाही. लोकांनी तसं ठरवलंय."

लोकांना मी विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्या बाईशी मी सरळ खोटं बोललो, तेही एका लाकडी मेजासाठी. हे मी आजवर लिहिलं नव्हतं.

आजींनी मामांना फोन केला असणार. रविवारी प्रार्थनेआधी मामा पिशवीतून करवत घेऊनच आत आले.

"लोकांनी ठरवलं, का तू?"

"मी," एवढंच म्हणालो.

"बरं झालं. निदान आपोआप ठरलं नाही!" ते हसले, मेज आडवं केलं आणि पाय कापायला लागले. बायका किंचाळल्या. मी त्यांचा हात धरला, "मामा, तुमचीच कारागिरी!"

"म्हणून तर मीच कापतोय." करवत चालूच होती. "मोशेनं पितळेचा साप केला तो देवाच्याच सांगण्यावरून. साप चावलेले लोक त्याच्याकडे बघून वाचले. पुढे त्यालाच धूप दाखवायला लागले, तेव्हा भल्या राजानं तो फोडला. वाईट वस्तू ओळखता येते रे. चांगलीच फसवते."

चार पाय खटखट करत पडले. उरलं ते मांडीवर मावेल एवढं. "हं, आता स्कूटरवर बसतं," मामा म्हणाले. "चला हेब्बाळला!"

आजींच्या पलंगाभोवती त्या संध्याकाळी आम्ही जे गायलो, तसं पुन्हा कधी गायलो नाही. आजींनी मेज पलंगावरच शेजारी ठेवून घेतलं, बायबल उशाशी सरकवलं आणि मेजावर चहा-बिस्किटं मांडली. मी सगळ्यांसमोर खोटं कबूल केलं. आजी कानडी-मराठीत म्हणाल्या, "बिडू, सोड. बिस्कीट घे." मला रडू आणि हसू एकदमच आलं.

तेव्हापासून मेज घरोघर फिरू लागलं. मामा शेवटच्या आजारात असताना मी म्हणालो, "मेजावर तुमच्या नावाची पितळी पट्टी लावू या." ते अंथरुणातच हसत सुटले, खोकला येईपर्यंत. "अय्यो देवा! याला पुन्हा झालं! अरे, माझी करवत आणा कुणीतरी!"

ते गेले, त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्यांच्याच घरी जमलो. बायबल मांडीवर घेऊन वाचलं. आठवणी निघाल्या, खूप हसलो, खूप गायलो. चपला घालताना माझ्या लक्षात आलं की मेज आणायची पाळी माझी होती आणि ते माझ्याच घरी राहिलं होतं. कुणालाच त्याची आठवण झाली नव्हती. मलाही नाही. आयुष्यभर लहानसहान चुकांनी कुढणारा मी माणूस. त्या दिवशी मात्र स्कूटरवर गुणगुणत घरी आलो.