परिसंवादात सोडलेला मान

धोंडूआबा मालवणच्या त्या परिसंवादाला गेले ते वडे आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठी. यात लपवण्यासारखं काही नाही, त्यांनी स्वतःच ते गावभर सांगितलं होतं. नात संचिता कॉलेजात शिकते. हॉल रिकामा दिसता कामा नये, घरची माणसं घेऊन या, असं तिच्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून आबा इस्त्रीचा सदरा घालून पुढच्याच रांगेत बसले. मागे बसायची त्यांना सवयच नव्हती.

त्याला कारण होतं. गावाचं नाव घेत नाही, तिथे बातमी वाऱ्याच्या आधी पोचते. त्या गावच्या जत्रेत देवापुढे पहिला नारळ ठेवायचा मान धोंडूआबांच्या घराचा. किती पिढ्यांचा, ते विचारू नये. आबा दर वेळी दोन पिढ्या वाढवून सांगतात. एका वर्षी त्यांचं पोट बिघडलं होतं, तर अख्खा गाव दुपारपर्यंत नारळ हातात धरून उन्हात उभा राहिला. शेवंतीकाकी, म्हणजे आबांची बायको, अजून म्हणते, "देवाक सुदीक त्या दिवशी ह्येंच्या पोटाची खबर घेवची लागली."

स्टेजवर पुण्याचे प्राध्यापक विनीत बोलत होते. विषय धर्म, अस्मिता आणि राजकारण. माणूस विद्वान आणि आवाज गोड. वाक्य हळूहळू वर चढवायचे, टोकाला नेऊन थांबायचे, मग सभेकडे बघायचे. आता आमच्याकडचं गाऱ्हाणं ज्याने ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको. देवळात एकजण देवाला गाऱ्हाणं घालतो, दर वाक्याला थांबतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सगळ्यांनी होकार भरला की शब्द देवाच्या पायाशी गेला. तो परत घेता येत नाही. आणि त्या होकारात आबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"माणसाने देवाला आपली ओळख केलं," प्राध्यापक म्हणाले आणि थांबले.

"व्हय म्हाराजा," पुढच्या रांगेतून आलं. आबांचे डोळे अर्धे मिटलेले होते.

सभा हसली. प्राध्यापकांना बरंच वाटलं. त्यांनी आबांकडे बघून मान डोलावली आणि आवाज आणखी चढवला. "आणि ती ओळख निवडणुकीच्या बाजारात नेऊन मांडली."

"व्हय म्हाराजा."

"तर मग मित्रहो, जो देव सगळ्यांचा, त्याच्या दारात पहिला मान एकाच घराचा का? त्या घराने तो आता स्वतःहून सोडावा की नाही?"

"व्हय म्हाराजा," आबा म्हणाले, आणि हातसुद्धा जोडले.

टाळ्या पडल्या, त्या आवाजाने आबा पुरते जागे झाले. आपण काय बोललो ते ओळखीच्या वाटेवर पाय घसरावा तसं त्यांच्या ध्यानात आलं. शेजारी संचिता तोंडावर हात ठेवून बसली होती. आबांनी वडे खाल्ले नाहीत. हे ऐकून शेवंतीकाकी घाबरली. बाकीचं तिला नंतर कळलं.

पुतण्या निलेश संध्याकाळीच आला. तो सरपंचपदाला उभा राहणार होता आणि त्याच्या प्रचाराच्या फलकावर देवळाचा कळस त्याच्या डोक्यापेक्षा मोठा होता.

"काका, तुमी निजलेलास, असा सांगा. मान गेलो तर माका मता कोण घालतलो?"

"निजलेलंय, पण बोललंय मीच ना?"

"अहो, ती सभा होती, देऊळ न्हय."

"हात जोडलेले रे," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक विनीत स्वतः रिक्षाने आले, संचिताने निरोप दिल्यावर. बिचारे ओशाळले होते. "आजोबा, तो प्रश्न कुणाला उद्देशून नव्हता. आम्ही असे प्रश्न मांडतो. लोकांनी विचार करावा, एवढंच."

"मगे लोक काय करतत?"

"चर्चा."

"आणि मान कोण सोडता?"

"अजून तरी कुणी सोडलेला नाही. म्हणजे, माझ्या व्याख्यानानंतर."

"उत्तर नको होता तर चार माणसांत इचारलात कित्याक?"

शेवंतीकाकीने प्राध्यापकांना चहा दिला आणि म्हणाली, "घेवा. तुमच्या भाषणान आमचो मानकरी गेलो, चाय तरी थंड करू नकात."

आबांना मान सोडायचा नव्हता, हे लक्षात ठेवा. थोर झाले वगैरे काही नाही. जत्रेपर्यंत ते रोज कुणालातरी विचारायचे, झोपेतला होकार देव धरतो का. सगळे 'नाय' म्हणायचे आणि आबांना ते पटायचं नाही.

जत्रेच्या सकाळी पुजाऱ्याने दार उघडलं आणि सवयीने बाजूला झाला. आबा जागचे हलले नाहीत. "माका नको," एवढंच बोलले. निलेशने डोकं धरलं. पुढे मात्र कुणी जाईना. माणसं नारळ धरून एकमेकांकडे बघत राहिली, जणू देवळाचा उंबरा कुणीतरी उचलून नेला होता.

शेवटी खालच्या वाडीची हौसाबाई पुढे झाली. "माझी गाडी चुकतली," ती म्हणाली, नारळ ठेवला, पाया पडली आणि बाहेर पडून एसटीच्या दिशेने गेली. काहीच झालं नाही. घंटा पडली नाही, दिवा विझला नाही. आबांना याचाच धक्का बसला.

मग रांग लागली. आबा शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांनी टाचा उंचावल्या, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. समोर नुसत्या पाठी आणि डोकी.

"अरे," ते पुढच्या माणसाला म्हणाले, "हंयसून देव दिसणा नाय."

तो मागे वळलासुद्धा नाही. "आमका खंय कधी दिसता."