तीन हृदयांचा प्राणी

डॉक्टर म्हणाले, "काका, सुधाकाकूंचं हृदय थांबलं." मला काहीच वाटलं नाही. फक्त कॉरिडॉरमधून फॉर्मॅलिनचा उग्र वास आला आणि मी मनानं थेट आमच्या तरुणपणीच्या, नाशिकच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचलो.

बरणीत फिकट ऑक्टोपस तरंगत होता. आठ हात, निळं रक्त आणि चक्क तीन हृदयं! मी सगळ्यांदेखत गुडघा टेकला. "सुधा, याच्याकडे तीन आहेत. माझं एकुलतं एक, तेही तुला!"

"ऊठ रे नौटंकी, सर आले!" ती हसू दाबत म्हणाली. "आणि पोहताना त्याचं मधलं हृदय थांबतं, वाचलंस का? म्हणून तो बिचारा रांगत जातो."

अख्खा वर्ग हसला होता, सगळ्यात मोठ्यानं मी.

हॉस्पिटलमधल्या तिच्या खोलीचं दार समोरच होतं. मी भिंतीला हात टेकत, रांगल्यासारखा निघालो.